गौराबाईची जीभ

मुरुम गावातल्या त्या गल्लीत कुणाच्याही घरी रंजका वाटला गेला, की वाटीभर रंजका पदराखाली झाकून बाई निघायची ती थेट गौराबाईच्या ओसरीवर. रंजका म्हणजे पिकून लालभडक झालेल्या ओल्या मिरच्या, लसूण, मेथ्या, मीठ आणि लिंबाचा रस असं सगळं एकत्र वाटून बरणीत मुरवलेलं प्रकरण. नवख्या पाहुण्याला वाटावं, टोमॅटोची चटणी आहे. त्यानं हौसेनं चमचाभर वाढून घ्यावी आणि मग घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याला वारा घालावा. गौराबाई मात्र त्यात बोट बुडवायची, डोळे मिटायची, जीभ टाळूला लावायची. मग निकाल.

"मीठ कमी हाय. आन लसूण बाजारातला घातलास, गावरान न्हाय. व्हय का न्हाय?"

"अगं बया! कसं कळलं वं तुमाला?"

"जीभ हाय ती, का चपलीचा तळवा?" असं म्हणत गौराबाई ती वाटी बोटानं निपटून साफ करायची आणि रिकामी परत द्यायची. डोळ्यांत टिपूस नाही, नाकात सुरसुर नाही. तिचा नवरा शंभुलिंगअप्पा पाहुण्यारावळ्यांना सांगायचा, "लोक पोरगी बगायला गेले की रंग बगत्यात, नाक बगत्यात. आमच्या अव्वानं हिची जीभ बगून आणली." त्यावर गौराबाई आतून ओरडायची, "आन तुमचं काय बगितलं वो माझ्या बापानं?"

या जिभेची खरी परीक्षा वर्षातून एकदाच व्हायची, येळवशीला. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला गावात कुत्रंही राहत नाही. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि शेंगा-भाज्यांची दाट भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असं हाणून वरून गार आंबील प्यायची. ताकात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची ती आंबील म्हणजे पोटाला आणि जिभेला थंडावा. गौराबाईचं शेत आणि तिची चुलतजाऊ धुरपदाबाई हिचं शेत एकाच बांधाला. दोघी एकाच वर्षी या घरात सून म्हणून आल्या. धुरपदा दोन महिने आधी आली, म्हणून ती अक्का, आणि तो मान तिनं कधी सोडला नाही. पहिल्याच येळवशीला दोघींनी आपापल्या माहेरच्या रंजक्याचं असं काही गुणगान लावलं, की सासू नागूबाईचं, म्हणजे शंभुलिंगअप्पाच्या अव्वाचं, डोकं उठलं. तिनं दोघींना कोपीत समोरासमोर बसवलं, एकीचा रंजका दुसरीपुढं ठेवला आणि म्हणाली, "खावा आता. जिचा हात आंबिलीकडं आदी जाईल, तिनं आजची सगळी भांडी घासायची. दोनी घरची."

नागूबाई जाऊन किती वर्षं झाली, पण ती बैठक काही मोडली नाही. आणि इतक्या वर्षांत गौराबाईचा हात एकदाही आधी गेला नाही. धुरपदाबाईला सुना आल्या, नातवंडं झाली, गुडघे दुखायला लागले, तरी येळवशीच्या संध्याकाळी दोन्ही घरच्या पातेल्यांचा ढीग घेऊन ती बोअरच्या पाइपाशी बसलेली असायचीच. सुना म्हणायच्या, आम्ही घासतो. तर ही म्हणायची, "हरलेय मी, तुमी न्हाय. सरका." आणि घासता घासता बांधापलीकडं हाक मारायची, "गौरे, फुडल्या साली बग!"

यंदा श्रावणात गौराबाईला कावीळ झाली.

डोळे पिवळेजर्द, अन्नावरची वासना गेलेली. दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं, तेल-तिखट एकदम बंद. मग मुगाचं वरण, मऊ भात, ताक, उसाचा रस. पुन्हा मुगाचं वरण. सून शिवांजली हिनं रंजक्याची बरणी उचलून माळ्यावर टाकली आणि शिडी शेजारी देऊन टाकली. गौराबाई आजाराला भ्याली नव्हती, पण वरणाला भ्याली. "शिवांजली, ह्या वरणाला निदान फोडणी तरी दाखव गं," ती गयावया करायची, "घालू नगस, नुसती लांबनं दाखव."

दसऱ्याच्या आधी रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, "आता थोडं थोडं तिखट चालेल." त्यातलं 'थोडं थोडं' गौराबाईला ऐकूच गेलं नाही.

दसऱ्याला धुरपदाबाई आपट्याचं सोनं द्यायला आली ती हातात वाटी घेऊनच. "मागच्या साली घातलेला हाय, मुरलाय बग चांगला. जिभेवरचा गंज काढ." गौराबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, सराईतासारखा रंजक्यातून ओढला आणि तोंडात टाकला.

आणि जिभेवर कुणीतरी तापलेला तवा ठेवला.

आधी तिला वाटलं, चुकून काहीतरी वेगळंच खाल्लं. मग कान पेटले. मग टाळू, मग घसा, मग डोक्याच्या मधोमध एक जाळ उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तिला कळलं, की लोक इतकी वर्षं ओसरीवर नाक पुसत 'हा हा' का करत होते. समोर धुरपदाबाई हाताची घडी घालून बघत बसलेली. हालचाल करायची सोय नाही. डोळ्यांतून मात्र धारा लागल्या.

"गौरे? अगं, रडायलीस व्हय?"

"अक्का," गौराबाई कशीबशी बोलली, "तुमी सोनं दिलंत आन मला आत्याबाईंची आठवन आली वो."

धुरपदाबाईचा चेहरा एकदम उतरला. "खरंय बाई. लई मायेची व्हती म्हातारी." आणि तिनंही डोळ्यांना पदर लावला. मग दोघी जावा नागूबाईच्या नावानं भडाभडा रडल्या. धुरपदाबाई मनापासून, आणि गौराबाई जिवाच्या आकांतानं.

अक्का गेट ओलांडते न ओलांडते तोच गौराबाई स्वयंपाकघरात धावली. शिवांजली आत आली तेव्हा सासू दह्याच्या पातेल्यात जीभ बुडवून उभी होती.

"आत्या! तुम्हाला तिखट लागलं?"

"हळू बोल!" गौराबाईनं दह्यातूनच दटावलं. मग तोंड पुसून ती पाटावर बसली आणि जरा वेळानं वेगळ्याच आवाजात म्हणाली, "भांड्यांचं काय न्हाय गं. घाशीन की एकदा. पर बाहेर कळलं तर उद्यापास्नं वाटी घेऊन कोन येईल? दुसऱ्या बायांची पोरं शिकली, दुसऱ्या बायांनी बंगले बांदले. माजी जीभ तेवढी हाय. तीच न्हाय ऱ्हायली तर मग मी कोन? अप्पाची बायको?"

शिवांजलीला हसू येत होतं, पण ते तिनं गिळलं. ती वाढली गुजरातेत, वापीला. वडील तिथं कारखान्यात होते. शाळेच्या डब्यात गूळ घातलेली डाळ खाऊन मोठी झालेली ही मुलगी लग्न करून मुरुमला आली, तेव्हा पहिल्याच रात्री येसराच्या झणझणीत आमटीनं तिला अशी उचकी लागली, की अप्पांनी माहेरी फोन लावायची तयारी केली होती. त्या वेळी गौराबाईनंच तिला हाताशी धरून तिखट शिकवलं होतं. आधी दह्यातून टोकभर, मग तुपातून, मग शेंगाच्या तेलातून, आणि शेवटी कोरडं. वर तालमीतल्या वस्तादासारखे नियम. पाणी मागायचं नाही, नाक ओढायचं नाही, मधे बोलायचं नाही.

आता शिवांजलीनं पदर खोचला. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला होता, तो काही नुसत्या सेवाभावाचा नव्हता.

"आत्या, उद्या दुपारपासून परसात. शेवग्याखाली. पहिल्यापासून सुरू करायचं."

"दह्यातनं?" गौराबाई कळवळली. "म्या? दह्यातनं?"

"पाणी मागायचं नाही. नाक ओढायचं नाही. मधे बोलायचं नाही."

झालं, तालीम सुरू झाली. अप्पा आणि मुलगा कुमार शेतावर गेले, की सासू-सुना परसदारी. वाटीभर दही, त्यात काडीच्या टोकावर मावेल एवढा रंजका. गौराबाई तो घास असा चघळायची, जणू लहान पोर कडू औषध घेतंय. दोन दिवसांनी 'आज दही जरा कमी कर' म्हणायची, आणि तोंड पोळलं की 'कालच्यावानी कर' म्हणायची. शिवांजली ऐकायची नाही. "तुम्हीच म्हणाला होता ना, जीभ बैलासारखी असते, पहिल्या दिवशी औताला जुंपली की बसते, रोज थोडं चालवायचं?" गौराबाईला आपलंच बोलणं आपल्या अंगावर आलेलं आवडत नसे. ती गप खायची.

घरात दही टिकेना. रोज विरजण लावायचं आणि रोज पातेलं रिकामं. अप्पांनी निष्कर्ष काढला, मांजर. ते दुपारी अचानक काठी घेऊन घरी येऊन दबा धरून बसायला लागले. एकदा त्यांनी परसातून 'हा हा हू हू' असा आवाज ऐकला आणि काठी उगारून धावत गेले, तर शेवग्याखाली बायको जीभ बाहेर काढून बसलेली आणि सून तिला पुठ्ठ्यानं वारा घालतेय.

"काय चाललंय?"

"योगा," शिवांजली म्हणाली.

अप्पांनी काठी खाली केली. "काविळीवर चांगला असतो का?"

"लई," गौराबाई जीभ आत न घेताच बोलली.

दिवाळी झाली तोवर दही संपलं, तूप संपलं आणि तेलापर्यंत मजल गेली. आता एक नवीनच गोष्ट घडायला लागली होती. आग ओसरली, की गौराबाईला कसंतरीच हलकं वाटायचं. घाम वाऱ्याला सुकायचा, कानात बारीक घंटा वाजल्यासारखं व्हायचं आणि उगाच हसू फुटायचं. तिला बघून शिवांजलीला फुटायचं. मग दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात मारून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायच्या, आणि त्यातलं कुठलं पाणी मिरचीचं आणि कुठलं हसण्याचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं गौराबाईला तिखट लागतच नव्हतं, त्यामुळं ही मजा तिला ठाऊकच नव्हती. "आगं, हे असं असतं व्हय!" ती सुनेला म्हणाली. "म्हून लोक रडत रडत पुन्ना वाडा म्हनत्यात!"

शिवांजली तिला मोबाइलवर व्हिडिओ दाखवायची. परदेशातले धिप्पाड लोक टेबलावर सॉसच्या बाटल्या रांगेनं मांडून एकेक थेंब खातात आणि हुंदके देतात. गौराबाई चष्मा लावून बघायची. "एवढा रेड्यावानी बाप्या, आन थेंबाला रडतोय! ह्याच्या आईनं ह्याला वरणावर वाडवलाय." मग जरा थांबून, "त्यो थेंब कशाचा हाय गं पर?"

चार-सहा दिवसांत कुरिअरवाला एक छोटी बाटली देऊन गेला. लेबलवर कवटी.

"अगं, मसनातली बाटली घरात आनलीस! देव्हाऱ्याकडं त्वांड करून ठिवू नगस."

"आसामातली मिरची आहे, आत्या. काडी बुडवायची आणि भाकरीला टेकवायची. बस."

गौराबाईनं काडी बुडवली, भाकरीला टेकवली, घास खाल्ला. "हॅट्, ह्यात काय—" एवढं बोलली आणि उठली. मग ती तुळशीभोवती चालायला लागली. आधी हळू, मग भरभर, मग पदर सावरत जवळजवळ पळतच. शेजारची कमलबाई कुंपणावरून बघत होती. तिनं हात जोडले. "आजारातनं उठल्यापास्नं लई देव-देव करायली गौराबाई," असं तिनं संध्याकाळी गल्लीभर सांगितलं.

पण दुसऱ्या दिवशी गौराबाईनं स्वतःच बाटली काढली. तिसऱ्या दिवशी काडीऐवजी थेंब आला. कार्तिक सरता सरता ती धपाट्यावर त्या कवटीचे दोन थेंब सोडून वर दाण्याची चटणी भुरभुरून खायला लागली आणि मधे 'हं, जरा बरं लागायलंय' असं म्हणायला लागली. शिवांजलीनं बाटली लपवली. गौराबाईनं ती पिठाच्या डब्यातून शोधून काढली.

आणि इथं ती घोटाळा मात्र करून बसली.

येळवशीच्या आधी आठवडाभर यंदाचा रंजका वाटायला घेतला. बाजारातून पिकल्या मिरच्या आल्या, देठं काढली, लसूण सोलला. गौराबाईनं बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "पुचाट झालाय." आणखी मिरच्या पडल्या. चाखलं. "मिरची औंदा पानसट हाय." मग लवंगी मिरच्यांचा एक वाटा पडला. चाखलं. मान हलली, पण मन भरलं नाही. बिचारीला कोण सांगणार, की कवटीच्या बाटलीवर पोसलेली जीभ आता गावच्या मिरचीला मोजतच नाही? शिवांजली मिक्सरपाशी शिंकांनी बेजार झालेली. ती उंबऱ्याबाहेरून ओरडली, "आत्या, लई झालंय! वासानंच डोळे जळतायत माझे!"

"तुजी जीभ अजून वापीलाच हाय," गौराबाई म्हणाली आणि आणखी एक लवंगीचा वाटा ओतला. "कावीळ झाली म्हून हिचा रंजका गोड झाला, आसं कुनी म्हनाया नगं."

येळवशीला ऊन कोवळं होतं आणि ज्वारी पोटऱ्यात आलेली. कोपीतल्या पांडवांची पूजा झाली, कुमारनं 'ओलगे ओलगे' असा पुकारा करत शेताभोवती आंबील शिंपडली, आणि दोन्ही घरची माणसं पंगतीला बसली. आधी पुरुषमंडळी. भज्जी वाढली, उंडे वाढले आणि प्रत्येकाच्या ताटात कोपऱ्याला गौराबाईचा रंजका.

अप्पांनी उंड्याचा तुकडा रंजक्यात बुडवून तोंडात टाकला. चघळला. मग ते उठले आणि काहीही न बोलता बांधाच्या दिशेनं चालायला लागले.

"मामा, कुठं निघालात जेवण सोडून?" शिवांजलीनं विचारलं.

"बैल बगून येतो."

"बैल मागच्या वर्षी विकले की, मामा!"

अप्पा थांबले नाहीत. कुमारनं खिरीचं पातेलंच मांडीवर ओढलं होतं. "आई," तो खिरीनं भरलेल्या तोंडानं म्हणाला, "हे खायचं हाय का तुरीवर फवारायचं?" धुरपदाबाईचा मुलगा योगीराज डोळे घट्ट मिटून नुसता 'आंबील, आंबील' म्हणत हात पुढं करत होता. आंबिलीची बिंदगी, मातीची घागरच ती, या हातातून त्या हातात फिरायला लागली. कुणी तांब्यानं, कुणी वाटीनं, कुणी सरळ ओंजळीनं प्यायला. बघता बघता एवढी मोठी बिंदगी तळाला गेली. गौराबाई चक्रावून बघत होती. हे लोक नाटक करतायत, असंच तिला वाटत होतं. तिनं बोट बुडवून पुन्हा चाखलं. बेताचाच होता की.

मग बायकांची पाळी. दोघी जावा कोपीत समोरासमोर बसल्या. मधे तांब्या ठेवला. उरलेली सगळी आंबील त्यातच होती, अर्ध्याहून कमी. बाकीच्या बाया दाराशी दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. धुरपदाबाईनं पुरुषांची दशा डोळ्यांनी पाहिली होती, पण ती मांडी घालून अशी बसली, जणू खुर्चीवर जज बसलाय.

"घे गौरे. का कावीळ झाली म्हून सोडून द्यायचं औंदा?"

"तुमीच घ्या आदी, अक्का. गुडगं दुकतंय तुमचं, भांडी घासायला बसवंल का?"

दाराशी हशा पिकला. दोघींनी एकदमच घास उचलले.

गौराबाईच्या तोंडात अक्काचा रंजका गेला आणि ती चकितच झाली. जाळ नव्हता. आधी लिंबाची आंबट झुळूक आली, मग भाजलेल्या मेथीची बारीक कडवट चव, मग लसूण, आणि सगळ्यांत शेवटी मिरची, ती सुद्धा पाहुण्यासारखी, दार वाजवून. इतकी वर्षं अक्का हे असं करत होती? आणि आपण दर येळवशीला ते नुसतं तोंडात कोंबून तिला हरवत होतो, एकदाही नीट खाल्लंच नाही? तिनं दुसरा घास घेतला, हावरटासारखा. तिसरा घेतला. खरं तर तिला रंजका वाटीतच घालून घरी न्यावासा वाटला.

मग तिनं समोर पाहिलं.

धुरपदाबाईचा चेहरा डाळिंबासारखा झाला होता. कानाच्या पाळ्या लाल, कपाळावरचा मळवट घामानं ओघळून नाकावर आलेला. ओठ घट्ट मिटलेले. डोळे मात्र तांब्यावर खिळलेले, आणि हात मांडीखाली दाबून ठेवलेला, आपलाच हात आपल्याला फितूर होऊ नये म्हणून. मधेच एक उचकी आली, तीही तिनं आतल्या आत दाबली.

"अव्वा, पी की गं!" दारातून तिची सून अयोध्या कळवळली.

धुरपदाबाईनं मानेनंच 'नाही' म्हटलं आणि दुसरा घास उचलला.

गौराबाईला एकदम कळलं. ही बाई पिणार नाही. कोपीत आडवी होईल, पण पिणार नाही. त्या तोंडातला जाळ आता गौराबाईला बाहेरून नव्हे, आतून माहीत होता. कान कधी पेटतात, टाळू कधी जाते, डोक्याच्या मधोमध काय उभं राहतं, सगळं. शिवाय तो जाळ तिनं स्वतःच्या हातानं, लवंगीचे वाटे ओतून घातला होता. सारं गाव बघत होतं. दसऱ्यापासूनची तालीम, दही, तूप, कवटी, तुळशीभोवतीच्या चकरा, सगळं याच एका क्षणासाठी. आणि तिची जीभ कशी लोखंडासारखी शांत पडलेली. आणखी जरा वेळ नुसतं बसून राहिलं, की झालं.

गौराबाईचा हात पुढं गेला.

तिनं तांब्या उचलला, तोंडाला लावला, एवढासा घोट घेतला आणि 'हाऽऽ' असा मोठ्ठा सुस्कारा सोडून तांब्या अक्काकडं सरकवला.

क्षणभर कोपीत कुणालाच काही समजलं नाही. समजलं ते आधी धुरपदाबाईला. तिनं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून अशी प्यायली, की गळ्यावरून ओघळ वाहून पोलकं भिजलं. तांब्या रिकामा करून तिनं जमिनीवर आपटला आणि ती उठली. गुडघे विसरून उठली.

"प्याली! गौरी प्याली! ये अयोध्या, बगितलंस का? आदी गौरी प्याली!" ती कोपीबाहेर जाऊन चारी दिशांना ओरडली. आजूबाजूच्या शेतांतल्या कोपींतून माणसं बाहेर आली. कुणाला वाटलं साप निघाला. धुरपदाबाईनं बांधावर उभं राहून येरमाळ्याच्या बहिणीला फोन लावला, मग अणदूरच्या लेकीला, मग चुकून एलआयसीवाल्याला, आणि तिघांनाही तेच सांगितलं. उचक्या अजून थांबल्या नव्हत्या, त्यामुळं प्रत्येक वाक्य दोन तुकड्यांत पोचत होतं.

शिवांजली मात्र सासूकडं टक लावून बघत होती. "आत्या," ती शेजारी टेकून हळूच म्हणाली, "पण तुम्हाला तर..."

गौराबाईनं तिच्या मांडीला असा चिमटा काढला, की वाक्य तिथंच संपलं.

जरा वेळानं धुरपदाबाई परत आली. आनंदाचा पहिला उमाळा ओसरला होता आणि आता तिच्या डोळ्यांत संशय होता. ती गौराबाईपुढं उकिडवी बसली.

"खरं सांग गौरे. मुद्दाम प्यालीस व्हय? माजी कीव केलीस?"

कोपीच्या दाराशी गल्लीतल्या त्याच बाया उभ्या होत्या, वाट्या घेऊन येणाऱ्या. कमलबाई सगळ्यांत पुढं. गौराबाईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, मग अक्काकडं.

"कीव कसली वो," ती म्हणाली. "कावीळ झाली तवापास्नं जीभच गेली माजी. कुनाला सांगितलं न्हाय एवडंच. दसऱ्याला तुमचा रंजका खाल्ला, तवा मी आत्याबाईंसाटी रडले न्हाय, अक्का. तोंड पोळलं म्हून रडले."

बायांमध्ये कुजबुज झाली.

"आन मी येडी येवडी रडले!" धुरपदाबाईनं कपाळावर हात मारला. मग हसायला लागली, उचकीसकट. "मग आता वाट्या माज्याकडं येतील म्हन की चाखायला."

"येऊ द्या की. तुमचा हात चांगला हाय, अक्का. लिंबू आन मेथी तुमच्यासारकी कुनाला जमत न्हाय. हे मातर खरं हाय, माज्या लेकराची आन."

धुरपदाबाईनं उगाच पदर नीट केला.

ऊन कलायला लागलं तशी गौराबाई दोन्ही घरच्या पातेल्यांचा ढीग घेऊन बोअरच्या पाइपाशी बसली. भज्जीचं पातेलं तळाला लागलं होतं, बाहेरून काळं झालं होतं. तिनं राख घेतली, काथ्या घेतला आणि घासायला लागली. तोंडात अजून अक्काच्या रंजक्याची चव रेंगाळत होती आणि का कोण जाणे, तिला सारखं हसू येत होतं. शिवांजली शेजारी येऊन बसली तर तिलाही हसू फुटलं, आणि दोघी हसताहेत ते बघून अयोध्यालाही. धुरपदाबाई बांधावर घोंगडी टाकून राणीसारखी बसली होती आणि तिथून हुकूम सोडत होती.

"तिकडं कडंला काळं ऱ्हायलंय... आगं, राख कोरडी घे, वल्ली कशाला केलीस?... मुठीनं न्हाय, तळव्यानं दाब... गौरे! अगं, तसं न्हाय गं!"

शेवटी तिच्यानं बघवेना. ती घोंगडीवरून उठली, पदर खोचत आली आणि गौराबाईच्या हातातून काथ्या ओढून घेतला.

"सरक तिकडं. पातेलं घासायचं तुला काय म्हाईत? जन्मात घासलंयस का कदी?"